एका युनिटला सतरा भाकऱ्या

आधी माझीच चूक. गेल्या अंकात पायडलवर बॅटरी भरण्याबद्दल लिहिताना मी भंगारातल्या मोटारगाडीचा आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची बॅटरी भरणारं यंत्र, वापरा, असं सुचवलं होतं. इचलकरंजीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन वाचकांनी लगेच पत्र पाठवलं : "ताई, आल्टरनेटरच्या रोटरलाच, आतल्या फिरत्या गुंडाळीलाच, दोन-तीन अँपिअर खायला लागतात. म्हणजे तीसेक वॉट तोच गिळणार. पायडल मारणाऱ्याने बॅटरी भरायची की रोटर पोसायचा?" बरोबर आहे. गाडीच्या इंजिनाला तीस वॉट म्हणजे काहीच नाही, माणसाच्या पायाला ते अर्धं आयुष्य आहे. शिवाय आल्टरनेटरला फेरे भरपूर लागतात आणि आतला पंखा नुसती हवा ढवळत बसतो. माझी शिफारस मागे घेते. आत चुंबक असलेली डीसी मोटर घ्या, म्हणजे ई-बाइकची जुनी २४ व्होल्ट, २५० वॉटची. फिरवली की ती वीज देते, आधी काही मागत नाही.

त्या लेखामुळे या महिन्याची बहुतेक पत्रं बॅटरी भरण्याचीच आहेत.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, निवृत्त. डॉक्टरांनी व्यायामाची सायकल सांगितली, ती घेतली. रोज पाऊण तास चालवतो. ती जोडून घरचा १५० एएचचा इन्व्हर्टर भरता येईल का? निदान लोडशेडिंगपुरता? (सिंहगड रस्ता, पुणे)

काका, हिशेब मांडते. आकडे कडू लागले तर रागावू नका.

तुमची बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास). गुणाकार केला की १८०० वॉट-तास, म्हणजे पावणेदोन युनिटांहून थोडी जास्त. पण ती सगळी भरायची नाही, फक्त लोडशेडिंगचा खर्च भरून काढायचा आहे असं धरू. दोन तास वीज गेली, ७५ वॉटचे दोन पंखे आणि ९ वॉटचे तीन बल्ब चालले. झाले साडेतीनशे वॉट-तास. इन्व्हर्टर स्वतःचा वाटा काढतो, म्हणून बॅटरीतून निघाले साधारण ४४०. शिशाची बॅटरी जितकं घेते तितकं परत देत नाही, त्यामुळे ४४० भरून काढायला ५५० घालावे लागतात.

आता पाय. धडधाकट तरुण माणूस तासभर दमानं पायडल मारतो तेव्हा पायडलवर ७५ ते १०० वॉट मिळतात. तुमच्या वयाला आणि डॉक्टरांच्या धाकाला ६० धरते. साखळी, पट्टा आणि मोटर मिळून त्यातला तिसरा हिस्सा खातात. बॅटरीत पोचतात ४० वॉट. ५५० भागिले ४०, जवळजवळ चौदा तास. दोन तासांच्या लोडशेडिंगसाठी चौदा तास सायकल, आणि घाम येतो म्हणून वर पंखा लावलात तर विषयच संपला.

हे मला कागदावर कळलेलं नाही. बार्शीत वडिलांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. गावोगावचे लोक शनिवारी सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून आणायचे, कारण रविवारी सकाळी अख्खी आळी एका काळ्या-पांढऱ्या टीव्हीपुढे बसायची आणि गावात वीज नव्हती. अ‍ॅसिडनं भोकं पडलेल्या वडिलांच्या विजारी आई तशाच धुऊन वाळत घालायची. नव्या शिवून उपयोग नाही, पुढच्या आठवड्यात त्यांचीही चाळण होणार. पुढे मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तिथे एका वर्षी स्नेहसंमेलनाला आम्ही पायडलचा स्टँड केला. समोर फळीवर ब्रेकलाइटचे २१ वॉटचे दहा बल्ब, प्रत्येकाला वेगळं बटण. एक रुपया द्या आणि किती पेटवता ते दाखवा.

शेजारच्या तालमीतला एक पैलवान आला. दहाच्या दहा पेटवले! टाळ्या पडल्या. दुसरं मिनिट संपायच्या आत गडी उतरला आणि पायरीवर जाऊन बसला, पाणी मागितलं. त्यानंतर घरोघर पेपर टाकणारा काडीसारखा पोरगा बसला. चार बल्ब लावले, शीळ घालत चाळीस मिनिटं चालवलं, शेवटी आम्हीच त्याला उतरवलं. पैलवानाचे २१० वॉट दोन मिनिटं म्हणजे ७ वॉट-तास. पोराचे ८४ वॉट चाळीस मिनिटं म्हणजे ५६. बॅटरी पैलवानकी मोजत नाही, किती वेळ टिकलात ते मोजते.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट. बल्ब बंद असताना पायडल हलकं फिरतं. एक बटण दाबलं की त्याच क्षणी पायाला जड लागतं, दुसरं दाबलं की आणखी जड. मुलं डोळे मिटून बसायची आणि मागून कोणी बटण दाबलं की ओरडायची, "लावला!" लेन्झचा नियम मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन, पण तो कळला पायाला. वीज पाहिजे तर ओझं उचलावं लागतं. पुढच्या पत्रांतही हे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

हौस म्हणून अन्नाचाही हिशेब केला. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. शरीर खाल्लेल्यातला चौथा-पाचवा हिस्साच पायडलवर आणतं, त्यातला तिसरा हिस्सा यंत्रात जातो. म्हणजे बॅटरीत एक युनिट टाकायला सहा हजार किलोकॅलरी. शंभर ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी साडेतीनशेची धरली, तर सतरा भाकऱ्या. महावितरणचं बिल कितीही बोचलं तरी सतरा भाकऱ्यांपेक्षा स्वस्त आहे. पिठलं तर मी धरलंच नाही.

मग काय करावं? दोन्ही पंखे बदला. नवे बीएलडीसी पंखे तीस वॉटच्या आसपास घेतात. दोन पंख्यांत नव्वद वॉट वाचले. धडधाकट माणूसही सहसा इतकं पायडलनं देऊ शकत नाही, आणि हे वाचलेले वॉट तुम्ही झोपलात तरी वाचतात. सायकल तब्येतीसाठी चालवा. आणि पायडलनं थोडी-थोडी भरत शिशाची बॅटरी कायम अर्धवट ठेवू नका. तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा पांढरा थर धरतो आणि बॅटरीची क्षमता घटत जाते.

तरीही हात शिवशिवत असतील तर छोटी, १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी घ्या आणि तिच्यावर मोबाइल व एक दिवा चालवा. साधी सायकल स्टँडवर, पुढे ४४ मागे १८ दात, मिनिटाला ७० पायडल म्हणजे मागचं चाक १७० फेरे. टायर काढून रिमवर पट्टा, मोटरला पाच सेंटिमीटरची पुली, की मोटर दोन हजारांवर जाते आणि पंधराएक व्होल्ट मिळतात. मध्ये शॉट्की डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा) आणि दहा अँपिअरचा फ्यूज हवाच. डायोड विसरलात तर पाय थांबवल्यावर चाक आपोआप फिरत राहील आणि घरचे म्हणतील भूत शिरलं. भूत नाही, बॅटरी उलट मोटरला फिरवते आहे. पुढे चार्ज कंट्रोलर लावा, बॅटरी १४.४ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. मोबाइलला ५ व्होल्टचं कन्व्हर्टर लावा. साध्या पोर्टवर मोबाइल दहा वॉटच ओढतो, तुम्ही शर्यत लावल्यासारखे मारलेत तरी तो दोन-अडीच तास घेणारच. जास्तीचं बॅटरीत जाईल.

पायडलची वीज टाकाऊ आहे असं नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ मध्ये पायडलवर चालणारा बिनतारी संच केला आणि शेकडो मैलांवरच्या एकाकी वस्त्यांतून विमानानं येणाऱ्या डॉक्टरला बोलावता येऊ लागलं. लागत होते वीसेक वॉट. गरज वीस वॉटची आणि दुसरा मार्ग नाही, तिथे पायासारखं भरवशाचं यंत्र नाही. आणि वीज मध्ये आणलीच नाही तर आणखी छान. गल्लीत येणारा धारवाला बघा, सायकल स्टँडवर लावतो आणि पायडलनं थेट दगड फिरवतो. मोटर नाही, बॅटरी नाही, तिसरा हिस्सा कुणी खात नाही.

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकाला डायनॅमो बसवला तर चालता चालता बॅटरी भरेल आणि चार्जिंगची गरज उरणार नाही. आकृती सोबत जोडली आहे. पेटंट कसं घ्यावं? (नाशिक)

आकृती फार सुबक आहे, रेघा पट्टीनं मारलेल्या आहेत. पण नाही.

लहानपणी सायकलला बाटलीसारखा डायनॅमो होता ना? टायरला टेकवला की गुरगुर आवाज आणि सायकल जड. तो होता जेमतेम तीन वॉटचा, तरी चढावर आपण तो उचलून ठेवायचो आणि पोलिस दिसला की परत टेकवायचो. तुमच्या डायनॅमोनं बॅटरीत शंभर वॉट टाकायचे ठरवले, तर तो चाकाकडून शंभराहून जास्त मागणार. चाकाला ते मोटर देणार, मोटरला बॅटरी देणार, आणि वाटेत प्रत्येक जण आपला वाटा काढणार. उजव्या खिशातले शंभर काढून डाव्या खिशात सत्तर टाकायचे, असा हा धंदा. तुमची स्कूटर लवकर बंद पडेल, एवढंच.

ब्रेक मारताना मात्र ही गोष्ट खरी आहे. तेव्हा गाडीचा वेग नाहीतरी उष्णतेत जाणार असतो, म्हणून बऱ्याच स्कूटरींत मोटरच तेवढा वेळ जनरेटर होते. म्हणजे तुमचा डायनॅमो कंपनीनं आधीच बसवला आहे, फक्त योग्य वेळी. घाट उतरताना थोडं परत येतं, सपाट रस्त्यावर नाही.

पेटंटचं म्हणाल तर भारतीय पेटंट कायदा, १९७०, कलम ३ (ए) वाचा. निसर्गाच्या प्रस्थापित नियमांना उघड उघड विरोध करणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. कायद्यात हे लिहावं लागलं. बॅटरीवर मोटर, मोटरवर जड चाक, त्यावर जनरेटर आणि त्यातून अख्खं घर, असे व्हिडिओ मला रोज कुणीतरी पाठवतं. एकच विचारते : सुरुवातीची बॅटरी काढून दाखवा. तिथे व्हिडिओ संपतो.

प्रश्न : घरामागून पऱ्या वाहतो. पावसाळ्यात जोरात, पुढे जानेवारीपर्यंत बरा. धबधबा नाही, पण शंभर मीटर वर गेलं की बारा मीटर उंची मिळते. काही करता येईल का? पावसात आमच्याकडे वीज चार-चार दिवस जाते. (संगमेश्वर तालुका)

या पत्रानं मला फार आनंद झाला! तुमच्या घरामागे जे वाहतंय ते सिंहगड रस्त्यावरच्या काकांना हवं आहे.

आधी मोजा. वीस लिटरची बादली घ्या, वरच्या जागी पाणी एका पाइपातून वळवा आणि बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. पाच सेकंद लागले तर सेकंदाला चार लिटर. लिटर गुणिले मीटर गुणिले पाच, एवढंच सूत्र ध्यानात ठेवा. त्यातच निम्मी नासधूस धरलेली आहे. चार गुणिले बारा गुणिले पाच, म्हणजे २४० वॉट. दिसायला थोडे, पण पऱ्या रात्री झोपत नाही. चोवीस तासांत पावणेसहा युनिटं. काकांच्या चाळीस वॉटनं एवढी वीज करायला जवळपास १४४ तास लागतील.

वरचं पाणी खाली चक्कीपर्यंत, म्हणजे पाण्यानं फिरणाऱ्या जनरेटरच्या चाकापर्यंत, पाइपानं आणायचं. सगळी गंमत त्या पाइपात आहे. इथे लोक पैसे वाचवतात आणि फसतात. शंभर मीटरला दोन इंची पाइप टाकलात तर बारा मीटर उंचीतली आठ मीटर पाइपाच्या घर्षणातच जाईल. तीन इंची टाकलात तर मीटरभर. चक्की तीच, पाणी तेच, पण अडीचपटीहून जास्त फरक. पाइप घेताना मन मोठं करा.

तोंडाशी जाळी लावा आणि ती रोज साफ करायची कुणाची पाळी ते आधीच ठरवा. पातेरा अडकला की सगळं ठप्प होतं, आणि तो रात्री दोनलाच अडकतो. दुसरं, सौर पॅनल काही न जोडता सोडलं तरी चालतं, पाण्याची चक्की तशी सुटी सोडता येत नाही. बॅटरी भरल्यावर भार काढला की ती सुसाट धावते आणि जळते. म्हणून जास्तीची वीज हीटरच्या कॉइलमध्ये वळवणारा कंट्रोलर लागतो. ती कॉइल पाण्याच्या पिंपात टाका. मुसळधार पावसात अंघोळीला फुकट गरम पाणी मिळेल, बंबाचं ओलं लाकूड फुंकत बसायला नको. आटलेल्या चार महिन्यांसाठी दोनशे वॉटचं पॅनल ठेवा. पाऊस असतो तेव्हा पॅनल सुस्त आणि पऱ्या जोरात, ऊन असतं तेव्हा उलट. जोडी जमते.

पवनचक्कीचंही तुम्ही तळटीपेत विचारलं आहे. घराच्या छपरावर नको. ताशी अठरा किलोमीटर वाऱ्यात मीटरभर व्यासाची चक्की पंधरा-अठरा वॉट देते. वारा निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा उरते. साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्या उभ्या आहेत त्या तिथे, त्या उंचीवर शोभतात. माडा-पोफळींच्या आडोशाला नाही.

प्रश्न : फवारणी पंपाची बॅटरी (१२ व्होल्ट, ८ एएच) शेतात भरायची आहे. थ्री-फेज रात्री येते, दिवसा शेतात काही नाही. पायडल जमेल का? ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडली तर? (मेहकर)

पायडल नको. तुमचा पाय थकणार नाही इतकी ती छोटी आहे, पण तिला घाई चालत नाही. दोन अँपिअरच्या वर दिलं की सीलबंद बॅटरी तापते, फुगते. म्हणजे पाच-सहा तास लागणारच, आणि दिवसभर फवारणी केलेल्या माणसाला पायडलवर बसवायचं म्हणजे पाप आहे. चाळीस वॉटचं पॅनल आणि लहान कंट्रोलर बांधावर ठेवा. स्वच्छ उन्हात सव्वादोन अँपिअर मिळतात, जवळजवळ तिच्या मापाचे. फवारणीच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, तेव्हा एका दिवसात भागणार नाही. म्हणून बॅटऱ्या दोन ठेवा, एक पाठीवर आणि एक चार्जिंगला. यातच अर्धा प्रश्न सुटतो.

ट्रॅक्टरला थेट वायर लावू नका. रिकाम्या बॅटरीत करंटचा लोंढा शिरेल. वडिलांची युक्ती सांगते : अधिकच्या (+) वायरमध्ये ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. वायर सरळ लागलेली असेल तर तो साधारण पावणेदोन अँपिअरच्या फारसं वर जाऊ देत नाही. इंजिन चालू असताना बल्ब मिणमिणेल, बॅटरी भरत जाईल तसा विझत येईल. लख्ख पेटला तर समजा बॅटरी आतून गेली किंवा वायर उलट लागली. आमच्या दुकानात मीटर नंतर आला, आधी बल्बांचा फळा होता. पण हे फक्त शिशाच्या बॅटरीला. नव्या पंपांत लिथियम येते, तिला तिचाच चार्जर.

प्रश्न : आजोबा टॉर्चचे सेल उन्हात ठेवतात. ते खरंच चार्ज होतात का? आणि लिंबावर मोबाइल चालेल का? मी सातवीत आहे. (भोर)

आजोबांना चिडवू नकोस. आम्हीही रेडिओचे सेल पत्र्यावर वाळत घालायचो, कुरडयांच्या शेजारी. सेल उन्हानं चार्ज होत नाहीत. गरम झाल्यामुळे आतली रासायनिक क्रिया थोडी जोरात चालते आणि उरलंसुरलं बाहेर येतं. चुलीशेजारी ठेवले तरी तेच. फार तापवलेस तर गळतील आणि टॉर्च खराब होईल.

लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा खुपसलास तर पाऊण ते एक व्होल्ट दिसतो. पण करंट एक मिलिअँपिअरही धड नसतो. मोबाइलसाठी अर्धा अँपिअर हवा असेल तर सहा-सहा लिंबांच्या पाचशे रांगा, म्हणजे तीन हजार लिंबं, आणि तीही अपुरी पडतील. खरी वीज लिंबातून येतच नाही, खिळ्यावरचं जस्त झिजून येते. आठवडाभर ठेव आणि खिळा बघ. ते लिंबू मात्र नंतर खायचं नाही, सरबतही नाही.

थोडक्यात

लातूर : बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं नको, एसीच्या नळीतून ठिबकणारंही नको, त्यात धूळ आणि तांबं उतरलेलं असतं. पातळी खाली गेली म्हणून अ‍ॅसिड तर कधीच नको. पाणी उडतं, अ‍ॅसिड आतच राहतं.

कल्याण : जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून पॉवरबँक करू नका. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर गेलेलं सहन होत नाही, तो पेट घेऊ शकतो, आणि जुने सेल एकसारखे भरत नाहीत. तुमच्याकडे लाकडी माळा आहे असं तुम्हीच लिहिलंय.

मंगळवेढा : बैलजोडीवर जनरेटरची कल्पना वाचली. जोडीची ताकद पाऊण अश्वशक्ती धरली तरी माणसाच्या सातपट. अडचण वेगाची आहे. तीन मीटरच्या दांड्यावर बैल मिनिटाला अडीच फेरे घालतो आणि जनरेटरला हवेत दीड हजार. सहाशेपट वेग वाढवणाऱ्या गिअरमध्ये पेंडीचा मोठा हिस्सा जाईल, उरलेला गिअरवाल्याच्या बिलात. तुमच्याकडे लाकडी घाणा आहे, करडईही आहे. बैल घाण्यालाच जुंपा, तेल विका आणि त्या पैशांत पॅनल घ्या.